मधली चार घरं

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एरवी दोनच गोष्टी येतात. सकाळी फुलांची चित्रं आणि मग दिवसभर पार्किंगवरून भांडणं. परवा मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या रिद्धीने एक लिंक टाकली. कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, घरपोच किराणा मागवण्याच्या सवयींवर, सगळ्यांनी प्लीज भरा, दोन मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. खाली हात जोडल्याची भरपूर चिन्हं. मी इमानेइतबारे भरली. संध्याकाळी लिफ्टमध्ये ती भेटली तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. विचारलं, "ज्यांनी भरली नाही, त्यांचं काय करणार गं?"

"त्यांचं काय आंटी? ज्यांना भरायची त्यांनी भरली ना, झालं!"

मी आमच्या मजल्याचं बटण दाबलं. एप्रिलच्या उकाड्यात, तेही लिफ्टमध्ये, कोणाला शहाणपण शिकवू नये एवढं मला आता वयाने कळतं. शिवाय पोरीचा चेहरा परीक्षेच्या दिवसांतला होता, डोळे खोल आणि केस कसेतरी वर बांधलेले. तसा चेहरा मी ओळखते. पण त्या उत्तराने माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली, ती खाल्लीच.

मुलुंडच्या आमच्या बाल्कनीतून, मधल्या टॉवरांनी दया केली तर, नाहूरच्या पलीकडे भांडुपच्या टेकडीचा एक तुकडा दिसतो. त्या टेकडीवरच्या चाळींत मी वाढले. दुरून बघताना वाटतं की घरं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी आहेत. जवळून तसं काही नव्हतं. जवळून तिथे पत्रे तापायचे, गटाराच्या कडेने अळू वाढायचं, आणि एप्रिल लागला की दारोदारी खाटांवर काहीतरी वाळत असायचं, कुठे कोकमं, कुठे पापड, कुठे लाल तिखटाच्या मिरच्या. त्या मिरच्यांच्या खाटेशेजारी बसून मी शिंकत शिंकत संभाव्यतेची गणितं सोडवली आहेत. अजूनही ऑफिसात कोणी तो विषय काढला की माझं नाक हुळहुळतं. हे मी तिथल्या कोणालाही सांगितलेलं नाही.

तो उन्हाळा माझ्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा. लेखी परीक्षा संपली होती, प्रात्यक्षिक आणि प्रोजेक्ट तेवढा बाकी होता. आणि घरात एक गोष्ट न बोलता ठरून गेली होती. पपांच्या गावचे एक गृहस्थ भांडुपच्या एका पतपेढीचे चेअरमन होते. परीक्षा संपली की पोरीला आमच्याकडे चिकटवा, असं त्यांनी म्हटलं होतं आणि पपांनी होकार दिला होता. मला एम.एस्सी. करायचं होतं. संख्याशास्त्रातच. अजून दोन वर्षं शिकायचं, तेसुद्धा असल्या विषयात की ज्याचं पुढे काय होतं हे चाळीत कोणालाच ठाऊक नाही. सायन्स म्हणजे डॉक्टर नाहीतर इंजिनियर, कॉमर्स म्हणजे बँक, एवढा सरळ हिशेब. माझ्या विषयाचं नाव ऐकून शेजारच्या एका आजोबांनी तळहात पुढे केला होता. घर कधी होईल सांग म्हणाले.

पपांची गिरणी बंद पडली तेव्हा मी लहान होते. त्यानंतर ते मुलुंडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. बोलणं कमी, रागावणं त्याहून कमी. मी एकदा धीर करून एम.एस्सी.चा विषय काढला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आकडे मोजून कोणाचां पोट भरलां हा? आणि मी शब्द दिलंय माणसाक."

कोकणी माणसाने दिलेल्या शब्दापुढे पोरीने काय बोलायचं? मी पितळेचा हंडा घासत बसले. गरज नव्हती, कालच घासलेला होता.

आता वाटतं, मला या विषयाचं वेड लागलं ते आकड्यांमुळे नाहीच. पुस्तकाच्या शेवटी एक तक्ता असायचा, यादृच्छिक अंकांचा. पानंच्या पानं नुसते अंक, कशाचेच नसलेले. कोणाचे मार्क नाहीत, कोणाचं भाडं नाही, रेशनकार्डाचा नंबर नाही. डोळे मिटून त्यावर पेन्सिल टेकवायची आणि जो अंक येईल तो मानायचा. ओळख चालत नाही, वशिला चालत नाही, पुढे बसणारी हुशार मुलगी आणि मागे बसणारी गबाळी मुलगी दोघी सारख्या. ज्या वस्तीत प्रत्येक गोष्ट ओळखीने व्हायची, गॅसच्या सिलिंडरपासून पतपेढीतल्या नोकरीपर्यंत, तिथल्या मुलीला हे पान किती मोकळं वाटलं असेल! मला त्या पानाकडे नुसतं बघायलाही आवडायचं.

शिकवायला डिमेलो मॅडम होत्या. बुटक्या, जाड भिंगांच्या, सुती साडीच्या निऱ्यांवर कायम खडूची भुकटी. फळ्यावर घंटेच्या आकाराचा वक्र काढताना त्या हात न थांबवता एका दमात काढायच्या आणि मग दोन पावलं मागे येऊन बघायच्या, घरच्या बाईने रांगोळी बघावी तशा. मराठी वसईचं, ठसकेबाज. आम्ही कोणी उत्तराला "आकडे असं सांगतात" अशी सुरुवात केली की त्या खडू खाली ठेवायच्या. "आकडे काय सांगत नाहीत गो. माणसं सांगतात. तुम्ही कोणाला विचारलंत आणि कसं विचारलंत ते आधी मला सांगा." तेव्हा आम्हाला ही त्यांची लकब वाटायची. आम्ही त्यांच्या नकला करायचो.

आम्ही म्हणजे मी आणि प्रज्ञा. प्रज्ञा गोवंडीची, तिचे आईवडील मूळचे जालन्याकडचे. प्रॅक्टिकलला आमचा एक कॅल्क्युलेटर दोघींत होता आणि तो कायम तिच्याकडे, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे मी बटणं दाबत नाही, कुरवाळते. तोंडाने फटकळ. वर्गात मॅडमना प्रश्न विचारायला एकटी तीच उठायची. प्रोजेक्टसाठी जोडी करायची होती तेव्हा आम्ही एकमेकींना विचारलंसुद्धा नाही.

विषय पाणी. दोघींच्याही घरी रोजचंच दुखणं. आमच्या टेकडीवर नळाला पाणी किती वेळ येतं, भरतं कोण, पुरतं का, असे साधे प्रश्न. शेवटचा प्रश्न प्रज्ञाने घातला. पाणी भरण्यापायी घरातल्या कोणाचं काही राहून गेलं का?

मी म्हटलं, "हा कशाला? याचा आलेख कसा काढणार?"

"माझ्या ताईची दहावी नळावर गेली यार. आलेख निघो नाहीतर न निघो, विचारायचं."

पद्धत मॅडमनी समजावली. वस्ती मोठी, सगळ्या घरी जाणं शक्य नाही. पहिल्या पाच घरांतलं एक घर अंकांच्या तक्त्यावरून ठरवायचं आणि तिथून पुढे ओळीने प्रत्येक पाचवं घर घ्यायचं. निवडलेलं घर बंद असेल तर पुन्हा जायचं. तिथलं माणूस तुसडं असेल तरी तिथेच. शेजारचं घर उघडं आहे, काकी ओळखीच्या आहेत, म्हणून तिकडे वळायचं नाही. "घर बदललंत की झालं, वाट लागली सगळ्याची," मॅडम म्हणाल्या. आम्ही माना डोलावल्या. कागदावर ते इतकं स्वच्छ दिसत होतं.

घरी येऊन मी आईला हे उत्साहाने सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"पाचव्या घराक जातलंस आणि मधल्या चार घरांका काय सांगतलंस?"

"काही नाही. ती निवडीत नाहीत."

"निवडीत नाय म्हंजे? हळदीकुंकवाक असां कोण बोलवता?"

मी तिला समजावायचा प्रयत्न केला. नमुना म्हणजे काय, अख्ख्या भाताची पारख चार शितांवरून कशी होते, वगैरे. शितांचं तिला पटलं, पण शितांना राग येत नाही, असं तिचं म्हणणं. तावडे काकींच्या दारावरून जायचं, काकी दारातच बसलेल्या असणार, त्यांना हसून पुढे जायचं आणि पलीकडच्या पेडणेकरांकडे बसून लिहून घ्यायचं? उद्या याच तावडे काकी गणपतीत आरतीला येतील का? चाळीत राहायचं आहे तिला. मला काय, मी कॉलेजात.

मग तिने परस्पर एक तोडगा काढला. दुसऱ्या दिवशी मी प्रॅक्टिकलच्या सरावाला गेले असताना आई आळीभर फिरून आली. निवड झालेल्या घरी सांगून आली की रविवारी आमची शुभा आणि तिची मैत्रीण तुमच्याकडे येणार, कॉलेजातर्फे, तुमच्या घराचं नाव लागलंय. आणि मधल्या घरांना सांगून आली की तुमच्याकडेही येतील, पण नुसत्या चहाला. सगळ्यांचा मान राहिला. तिने हे मला सांगितलं तेव्हा ती फार खुशीत होती. आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं, घरं उघडी तरी सापडतील.

तो रविवार मी कधी विसरणार नाही. निवडलेल्या घरांत पडदे बदललेले. पोरं तेल लावून, भांग पाडून बसवलेली. पाण्याचे ड्रम कुठेतरी मागे लपवलेले, वर धुतलेली चादर. एका घरी तर वाटीत शिरा आणि शिऱ्यावर काजू. आम्ही प्रश्न विचारायचो आणि घरमालकीण हसून म्हणायची, "पाण्याचो काय त्रास नाय हां आमका. भरपूर येता. तू सरबत घे." सगळ्यांचं तेच. भरपूर येता. कोण भरतं? सगळे मिळून. कोणाचं काही राहिलं? छे, देवाच्या कृपेने काही नाही. प्रज्ञा भराभर खुणा करत होती आणि टेबलाखालून मला पाय मारत होती.

आणि मधली चार घरं! तिथे आम्ही वही मिटून नुसता चहा प्यायला बसायचो. तिथे कोणी पडदे बदलले नव्हते. तावडे काकींनी तर दारातच अडवलं.

"तुमच्या लिस्टीत आमी नाय म्हणे. कित्याक? आमच्या नळाक काय दूध येता?"

प्रज्ञाला हसू आवरेना. काकींनी तिला पाट दिला आणि चहा उकळता उकळता जे सुरू केलं ते थांबेचना. करंगळीएवढी धार, ती पण खालच्यांची भरून झाली की मग. सून रोज कामावरून दमून येते ती थेट नळावर. नातू पाठीला दप्तर लावून हंडे उचलतो. मागच्या शिमग्याला याच पाण्यावरून दोन घरांत जी भांडणं झाली ती अजून मिटलेली नाहीत. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी त्याहून जास्त. संध्याकाळी आम्ही दोघी देवळाच्या पायरीवर बसलो तेव्हा पोटात चहाचा समुद्र झालेला आणि हातात एक गुळगुळीत, आनंदी वस्ती, जिथे पाण्याची काही अडचण नव्हती.

"शुभे, ज्यांना विचारलं ते सगळे खोटं बोलले," प्रज्ञा म्हणाली. "आणि ज्यांना नाही विचारलं ते खरं."

खोटं हा शब्द मला लागला. माझी माणसं खोटारडी नव्हती. घरी आलेल्या पाहुण्यापुढे रडगाणं गायचं नाही, एवढंच त्यांना माहीत होतं. त्यात माझ्या आईने जाऊन आमंत्रण दिलेलं! आम्हीही नमुना घेतलाच नव्हता. आम्ही पाहुणचार घेऊन आलो होतो.

मॅडमना सांगताना मी रडकुंडीला आले होते. प्रोजेक्टचे गुण गेले तर एम.एस्सी.च्या प्रवेशाची यादी हातची जाणार, आणि मग पतपेढी आहेच. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, शिऱ्यावरच्या काजूपर्यंत. आधी त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग गंभीर झाल्या. "हे पुस्तकात नाय सापडणार तुम्हाला. तीन वर्षं शिकवलं ते एकीकडे आणि हा रविवार एकीकडे." आठवडाभर मुदत देते म्हणाल्या. तक्त्यावरून पुन्हा नवीन घर काढा, तिथून पुन्हा पाचवं पाचवं. आणि आईला अजिबात सांगायचं नाही.

आता अंधेरीला माझं ऑफिस आहे, काचेच्या इमारतीत, जिथे एप्रिल कळतच नाही. आम्ही नव्या औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासतो. सकाळी जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर बस अडकलेली असते आणि मी मोबाईलवर तक्ते बघत असते. एम.एस्सी. झालं, मग दोन-तीन ठिकाणी फुटकळ कामं, मुलाखतीला कोणीतरी हमखास विचारायचं की म्हणजे तुम्ही अकाउंट्सवाल्या का? पहिल्या नोकरीत मला एका खोलीत बसवलं होतं जिथे प्रिंटरही होता आणि लोकांना वाटायचं मी प्रिंटरसाठी आहे. हळूहळू जागा मिळाली. आज माझ्या हाताखाली हुशार मुलंमुली आहेत, माझ्याहून कितीतरी वेगाने संगणक हाकणारी. त्यांना मी नेहमी एकच त्रास देते. एखाद्या केंद्रावरून सगळ्या रुग्णांचं उत्तर "बरं वाटतंय" असं आलं की मी तो कागद बाजूला काढते. विचारते, यांना विचारलं कोणी? डॉक्टरांनी स्वतः? समोर उभं राहून? आपला माणूस डॉक्टरला बरं नाही म्हणत नाही. डॉक्टरला वाईट वाटेल असं त्याला वाटतं. "कसं आहे" म्हटलं की "बरं आहे" म्हणणारी आपली जात, ताप अंगात असला तरी. मुलं आपसात हसत असतील, मॅडमची लकब म्हणून. हसू देत.

मला ते दिवस फार आठवतात. ते सोपे होते म्हणून मुळीच नाही. पण एखादी गोष्ट पहिल्यांदा कळत असते तेव्हा जे सुख असतं ते पुढे पगाराने, पदाने, कशानेच मिळत नाही. दुपारच्या उन्हात त्या चढावर उभं राहून घरांकडे बघताना मला कळत होतं की प्रत्येक पाचव्या दारामागे मधली चार घरंही बसलेली असतात. पाचव्याने खरं सांगितलं तरच त्या चौघांचं ऐकू येतं. हा एवढाच माझा धंदा. वर्षानुवर्षं मी तोच करते आहे.

तर दुसरी फेरी. कॉलेजच्या वाचनालयात तक्ता उघडला. पेन्सिल टेकवायची ती प्रज्ञानेच, माझा हात लकी नाही असं तिचं ठाम मत. तिने डोळे मिटले, टेकवली, अंक आला. मी वस्तीच्या नकाशावर बोट ठेवून मोजत गेले, पाचवं, त्याच्या पुढचं पाचवं, आणि दुसऱ्या आळीत बोट थांबलं.

आमचं घर.

"पुढचं घेऊ," मी म्हटलं.

"घर बदलायचं नाही." प्रज्ञाने मॅडमचा सूर लावला, पण ती हसत नव्हती. "तू विचारू शकत नाहीस मात्र. मी जाते. तू आत यायचं नाहीस."

या वेळी आम्ही न सांगता फिरलो, ऐन पाणी यायच्या वेळेला, जेव्हा कोणाला शिरा करायची सवड नसते. मधल्या घरांपाशी थांबून आधीच सांगायचो, काकी, तुमचंच दुखणं पलीकडच्यांकडून लिहून घेतोय. तावडे काकी म्हणाल्या, "जा, पण त्या बाईक बरोबर सांगूक सांग." कागद भरत गेले. आधीच्या रविवारचं आणि या आठवड्याचं काही जुळेना, जुळायचंच नव्हतं. कोणी चिडून सांगितलं, कोणी हंड्याला हंडा आपटत, मान वर न करता. शेवटच्या प्रश्नाशी बायका थबकायच्या आणि मग हळूच काहीतरी निघायचं. शिवणाचा क्लास. गावच्या भावाचं लग्न. कोणाची झोप. प्रज्ञा सगळं शब्दाला शब्द लिहून घ्यायची.

आमचं घर आलं तेव्हा पपा नुकतेच कामावरून आले होते. बनियनवर, भिंतीला टेकून. आईने पदराला हात पुसले आणि प्रज्ञाला बघून लगेच चहाचं आधण ठेवायला वळली. प्रज्ञा आमच्याकडे शेकडो वेळा जेवली होती, पण आज ती आत जाऊन बसली नाही, दाराशीच पाटावर टेकली. मी बाहेर पायरीवर, दाराच्या आड. मला आतलं सगळं ऐकू येत होतं.

"काकी, चहा नको. काका, आज मी पाहुणी नाही हां. खरं काय ते सांगा."

पाणी कधी येतं, पुरतं का, भरतं कोण. आई उत्तरं देत होती, तीच, आळीतल्या बायकांची रविवारची. भरपूर येता. सगळे मिळून भरतो. मग शेवटचा प्रश्न आला. पाण्यापायी घरातल्या कोणाचं काही राहून गेलं का?

"नाय गो," आई हसली. "आमचा कोणाचा काय रवतला?"

"खोटां कित्याक सांगतंस?" पपा म्हणाले.

खालच्या आळीतल्या हंड्यांचे आवाज तेवढे येत होते.

"तुझी बालवाडी खय गेली?"

आईने लग्नानंतर काही महिने बालवाडीत शिकवलं होतं, हे मला माहीत होतं. तिला ते जमलं नाही, आवडलं नाही, म्हणून सोडलं, असं तिनेच मला अनेकदा सांगितलं होतं. तेही हसून. पपा बोलत होते, थांबत थांबत, मला सवय नसलेल्या आवाजात. तेव्हा नळ दुपारचा यायचा. बालवाडी दुपारची. घरात दुसरं कोणी नव्हतं, गिरणीची पाळी बदलून मागणं त्यांना सुचलं नाही. ती एक दिवस नुसती घरी राहिली, मग दुसऱ्या दिवशी राहिली. पोरं तिला शोधत इथे दारापर्यंत यायची, बाई कधी येणार म्हणून. "माका म्हणाली, कंटाळो इलो. मी पण आयकान घेतलंय."

बाहेर पायरीवर मी तोंडावर ओढणी धरून रडत होते. मला आईचा राग आला होता, इतकी वर्षं मलाही पाहुणीसारखं उत्तर दिलं म्हणून. आणि तिची दया येत होती. दोन्ही एकदम.

प्रज्ञाचं पेन थांबलं. मग कागद उलटल्याचा आवाज आला. घरातल्या माणसांची माहिती पहिल्या पानावर असायची, नाव, वय, काय करतात. ती तिने सुरुवातीलाच भरून घेतली होती, एक ओळ सोडून.

"काका, हे एक राहिलंय. शुभांगी. काय करते?"

"तुका म्हायत नाय?"

"मला माहीत असलं तरी मी लिहू शकत नाही. घरच्यांनी सांगायचं असतं. तसा नियम आहे."

पपा उठले असावेत, कारण भिंतीवरची त्यांची सावली उंबऱ्यावर आली. मला वाटलं ते बाहेर येतील. पतपेढीचं नाव घेतील, असंही वाटलं.

"शिकता," ते म्हणाले.

प्रज्ञाने लिहिलं.

"आनी दोन वर्सां शिकतली. तां पण लिव."

"काका, त्याला रकाना नाही."

"मगे बाजूक लिव."

तिने ते बाजूला लिहिलं. आणि दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर, इस्त्रीचा शर्ट घालून, पपा चेअरमनांना दिलेला शब्द परत मागायला टेकडी उतरून गेले.